मोबाइलवरचे बेकर

दौंडचे बेकर अंकल इंजिन चालवायचे, तेव्हा त्यांच्या शिट्टीने सोलापूरच्या चिंचा गळत. यात मी एकही चिंच वाढवून सांगत नाही. तेच अंकल काल माझ्यापुढे मोबाइल धरून गयावया करत होते. "जॉनीला शोध, मॅन. तुझी आंटी आता दोन दिवसांची सोबती आहे." परदेशी गेलेल्या मुलाचा कित्येक वर्षांत पत्ता नव्हता. मी 'बेकर' टाकलं, तर पलटणच उभी राहिली! सेनापती, गवई, क्रिकेटवाले, सगळे जगप्रसिद्ध. एका आडनावात एवढी माणसं मावतात आणि ज्याच्यासाठी दार उघडं ठेवलंय, तोच त्यांत नसतो. अंकल त्या चेहऱ्यांवरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "यातल्या कुणालाही सांग ना, फोनवर एकदा मम्मी म्हणायला. तिला आता आवाज ओळखू येत नाही."