नानांच्या अंगणातला पाऊस

आमच्या बाकड्यावरचे किस्से आणि ऑक्टोबरातली गिलकी, दोन्ही सारखीच! आज चार तोडावीत, तर उद्या पानाआड सहा लोंबत असतात. कोणता सांगू आणि कोणता नको असं होतं. बरं, सांगताना कुठला आधी घडला आणि कुठला नंतर, यात माझाच गोंधळ होतो. तरी सांगते.

जळगावातल्या आमच्या कॉलनीच्या ओपन स्पेसमध्ये कडुनिंबाखाली सिमेंटचं एक बाकडं आहे. सकाळी पावणेनऊला तिथे आम्ही चौघं जमतो. पहिले नाना. मूळचे शिंदखेड्याचे, जन्मभर पाऊस मोजायची सरकारी नोकरी केली. बायको गेल्यापासून एकटेच राहतात. दुसऱ्या अक्का, माहेर यावलचं, आवाज सावद्यापर्यंत जाणारा. तिसरा प्रमोद, त्याचं मेडिकल स्टोअर साडेनऊला उघडतं. आणि चौथी मी. शाळेत क्लार्क होते, पण सगळे मला मॅडम म्हणतात. मीही दुरुस्त करत नाही!

*

आता या दिवसांतली आमच्याकडची हवा म्हणजे काय सांगावं! पहाटे गोधडी लागते, बारा वाजता डोकं तापतं आणि चार वाजता उगाच ढग येतात. एके दिवशी नाना आले ते अंगात स्वेटर, डोक्यावर उन्हाची टोपी आणि हातात छत्री!

प्रमोद म्हणाला, "नाना, नक्की काय होणार आहे आज?"

नाना छत्री टेकवून शांतपणे बसले. "तीस वरीस हवामान पाह्यं भाऊ. एकच शिकनू. तयारी बठ्ठी ठेवानी, बोलानं काहीच नई!"

*

नानांच्या अंगणात गिलक्याचा वेल आहे. गिलकी म्हणजे तुमची घोसाळी. त्या वेलानं यंदा कॉलनीला अगदी सळो की पळो करून सोडलं. नाना रोज पिशवी भरून कोणाच्या तरी गेटला अडकवायचे. भजी झाली, भाजी झाली, सालांची चटणी झाली. अक्का म्हणाल्या, "माह्याकडे फ्रीज उघडला का गिलकंच भायेर पडते बापा!"

एकदा नानांनी अक्कांना पिशवी दिली. अक्कांनी ती गुपचूप प्रमोदच्या गेटला लावली. प्रमोदनं माझ्या गेटला लावली. मला वाटलं, नाना बिचारे एकटे, भाजी कोण आणून देणार त्यांना? मी मोठ्या मायेनं ती पिशवी नानांच्या गेटला अडकवली.

दुसऱ्या दिवशी नाना गहिवरून सांगत होते, "कोन भला मानूस शे! मना घर येल शे, तरी मले गिलका दी गया!"

आणि तीच पिशवी त्यांनी पुन्हा अक्कांच्या हातात ठेवली.

*

कुत्र्याचं तर विचारूच नका. बाकड्याखाली एक तांबडं कुत्रं बसतं. नाना त्याला मोत्या म्हणतात, अक्का राजा आणि प्रमोद ब्रुनो. प्रत्येकाला वाटतं ते आपलंच आहे. दसऱ्याच्या सुमारास सोमवारी नाना त्याला रेबीजचं इंजेक्शन देऊन आले. शुक्रवारी अक्का देऊन आल्या. पुढच्या सोमवारी प्रमोद घेऊन गेला, तर कंपाउंडरनं कुत्र्याला ओळखलं.

"साहेब, याला दोन झालीत. एकदा मोत्या लिहिलं, एकदा राजा. तुमचं काय?"

"ब्रुनो."

"मग बरोबर आहे! मोत्या राजा ब्रुनो. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. आज फॉर्म पूर्ण झाला!"

*

आता जरा गंभीर गोष्ट. सप्टेंबरात नानांना अंगणात चक्कर आली होती. तेव्हापासून पुण्याचा त्यांचा मुलगा सुनील मागे लागला होता. "पप्पा, आता एकट्यानं राहायचं नाही. दिवाळीला येतो आणि घेऊनच जातो." त्याचंही काही चुकत नव्हतं. नाना आज-उद्या करत राहिले आणि एकदा फोनवर, आमच्यासमोरच, शब्द देऊन बसले. "येल वाळना का मी तुनासंगे पुनाले येसू. दिवाळीलोंग मी त्याले एक थेंब पानी टाकाव नई. बस्स?"

म्हणजे दिवाळीपर्यंत वेल वाळला, की नाना पुण्याला जाणार. नाना शब्दाचे पक्के. खरोखर त्या दिवसापासून त्यांनी वेलाला पाणी घातलं नाही. ऑक्टोबरचं ऊन, खाली आमची काळी भेगाळणारी जमीन. वेल आठ दिवस काढतो की नाही, अशी शंका होती. मला मात्र रात्री जेवण जाईना. नाना गेले तर सकाळी पावणेनऊला करायचं काय? स्वार्थी विचार होता, पण होता.

*

आणि मग पाऊस पडायला लागला. फक्त नानांच्या अंगणात!

नानांनी वेलाशेजारीच पाऊस मोजायचं नळकांडं रोवलेलं आहे. रिटायर झाले तरी रोज साडेआठला आकडा रजिस्टरात लिहितात. एका सकाळी येऊन म्हणाले, "काल मना आंगणमा सहा मिलिमीटर पानी पडना. तुमनाकडे?"

आमच्याकडे धूळ उडत होती. तिसऱ्या दिवशी अकरा मिलिमीटर! कुत्रं बाकड्याखाली आलं ते चिखलानं माखून. वेलाला नवी फुलं आली. मी प्रमोदकडे पाहिलं, प्रमोदनं अक्कांकडे पाहिलं, अक्कांनी आभाळाकडे पाहिलं. नाना कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "अशी नोंद तीस वरीसमा करी नई!"

*

दुपारी दोन ते तीन नाना झोपतात. मी एके दिवशी दोन वाजता तांब्या पदराखाली धरून त्यांच्या अंगणात शिरले. हो, मीच! दोनदा आधीही जाऊन आले होते. वेलाशी जाते तर मांडवाखाली अक्का. हातात तांब्या.

"मी गिलकं तोडाले आली," अक्का म्हणाल्या.

"तांब्यानं?"

त्या काही बोलणार, तेवढ्यात गेट करकरलं. प्रमोद भरलेली बादली घेऊन आत आला, आम्हाला पाहून दचकला आणि मागे सरकताना त्यानं तुळशीची कुंडी फोडली. तिघांनीही वरून पानांवर पाणी शिंपायचं, म्हणजे नळकांडं भरणारच! आणि तिघांच्या पाण्यानं वेलाची मुळं कुजायची वेळ आली होती. कुंडीचे तुकडे गोळा करत आम्ही तिथेच वार वाटून घेतले.

*

दिवाळीला सुनील आला. हिरवागार वेल बघून आधी वेलाकडे, मग वडिलांकडे पाहत राहिला.

"पप्पा, पाणी घातलंत?"

"मी? एक थेंब नई."

"मग?"

"पाऊस."

सुनील बाकड्याशी येऊन आम्हाला विचारू लागला, "काकू, पाऊस झाला का हो इकडे?"

"तुरळक," प्रमोद म्हणाला.

"आमच्याकडे नाई, त्याइच्याकडे," अक्का म्हणाल्या.

सुनील चार दिवस घरी होता, त्यामुळे आम्हाला अंगणात पाऊल टाकता येईना. दुसऱ्या दिवशी वेलाची पानं मलूल झाली. तिसऱ्या दिवशी कडा पिवळ्या पडल्या. गेटवरून आम्हाला सगळं दिसत होतं. चौथ्या दिवशी सकाळी नानांची बॅग ओट्यावर ठेवलेली दिसली. अक्का कुत्र्याला पोळी घालताना डोळे पुसत होत्या. मी तिथून घरी निघून आले, कारण मला ते बघवत नव्हतं.

पाचव्या दिवशी सकाळी सुनील एकटाच रिक्षात बसला. आम्हाला हात केला आणि गेला. मी धावत नानांच्या गेटाशी गेले. वेलाची पानं पुन्हा ताठ उभी! मी अक्कांना विचारलं, त्यांनी नाही म्हटलं. प्रमोदला विचारलं, त्यानं तुळशीची शपथ घेतली.

पावणेनऊला नाना रजिस्टर घेऊन बाकड्यावर आले आणि माझ्या मांडीवर ठेवलं.

"मॅडम, चष्मा घर राही गया. वाचा बरं."

तारीख, आकडा आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. मी वाचायला लागले.

"सहा मिलिमीटर. अक्का, तांब्यानं."

अक्का एकदम उठून उभ्या राहिल्या.

"अकरा मिलिमीटर. प्रमोद, बादलीनं." आणखी तीन ओळी खाली, "दोन मिलिमीटर. मॅडम. हात आखडता." त्याखाली, "नऊ मिलिमीटर. तिघं एकदम. कुंडी फुटली."

पुढे दिवाळीचे दिवस. शून्य. शून्य. शून्य.

आणि आज सकाळची ओळ.

"चौदा मिलिमीटर. सुनील."