पत्रा शेकणारी आत्या

आमच्या आत्याने कारखान्यात एका माणसाचं डोकं हातोड्याने फोडलं, असं गल्लीत अजून सांगतात. सांगणारा दर खेपेला हातोडा थोडा मोठा करतो. खरं तर हातोडा त्या माणसाच्याच हातात होता, आणि मोडलं ते डोकं नाही, मनगट. तेही भट्टीच्या लांब सांडशीने.

आत्या ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात पत्रा शेकते. ट्रान्सफॉर्मरच्या पोटात पातळ पोलादी पत्र्यांची चळत असते, तिला गाभा म्हणतात. पत्रा कापला की कडेचे कण चेंगरतात, चुंबकत्वाला त्यांच्यातून धड वाट मिळत नाही, आणि वीज नुसती गाभा तापवण्यात वाया जाते. भट्टीत तापवून सावकाश निवू दिला की कण पुन्हा अंग मोकळं सोडतात. "पत्र्याचं माणसासारखंच आहे, मार खाल्ला की आतून आखडतो," असं आत्या समजावते, तेव्हा तिची मूठ बहुधा कुणाच्या तरी कॉलरवर असते.

शेकलेले पत्रे रचायला पैलवान होता. हा पैलवान असा, की तराजूवर उभा केला तर निम्मं वजन कपड्यांचं भरेल. कडा जुळल्या नाहीत की लाकडी हातोडी सोडून तो लोखंडी हातोड्याने दणके घालायचा. आणि त्याच सुमाराला गाभे चाचणीत नापास व्हायला लागले. गुणगुणायचे काय, तापायचे काय. साहेबांनी आत्याला बोलावून सांगितलं, की दोष भट्टीचा निघाला तर भट्टी दुसऱ्याच्या हातात जाईल. ती धुमसत बाहेर आली, तर समोर पैलवान ठोकतोय.

तिने एकदाच सांगितलं, हातोडा ठेव. पैलवान ठोकता ठोकता म्हणाला, "बाई, तुमचा पत्रा वाकडा, त्याला मी काय करू?"

सांडशी मनगटावर बसली. हाड मोडल्याचा आवाज पलीकडच्या शेडमध्ये गेला म्हणतात. आत्याच्या मते वाजली ती सांडशी. पण पैलवानही गप्प बसणाऱ्यातला नव्हता. डाव्या हाताने तिचे केस धरून त्याने तिचं कपाळ चळतीवर आपटलं. कापलेली कड ती, भुवई सरळ उघडली. रक्त पत्र्यांच्या फटींतून आत झिरपायला लागलं, तेव्हा कुठे लोकांनी दोघांना ओढून वेगळं केलं.

भुवई शिवून आल्यावर आत्याने नवी चळत स्वतः शेकली, स्वतः रचली, हातोडा आसपास फिरकू दिला नाही आणि सगळ्यांदेखत चाचणीला लावली.

गाभा तापला.

भट्टी गार झाल्यावर दारापाशी पालथी पडून तिने बॅटरी मारली. दाराच्या फटीत हवा अडवायला बसवलेली दोरी खालच्या कोपऱ्यात जळून राख झाली होती. तिथून हवा शिरत होती आणि लालबुंद पत्रा कडेपासून आत जळत होता. ती दोरी बदलणं आत्याचंच काम, आणि ते ती आज करू, उद्या करू म्हणत ढकलत आली होती. हातोड्याने नुकसान होतंच, पण मेलेल्याला तो आणखी किती मारणार.

साहेबांना तिने आपण होऊन सांगितलं. ते म्हणाले, दोरीचं मी बघून घेतो, पण पैलवानाने मारहाणीची तक्रार मागे घेतली नाही तर भट्टी गेली समज.

म्हणून ती पैलवानाच्या घरी निघाली. मी सोबत. वाटेत म्हणाली, तो मारणार. मी म्हटलं, हात प्लॅस्टरमध्ये, बायको समोर, कशाला मारतोय? पैज लागली. हरेल त्याने तिचे भट्टीतले कपडे धुवायचे.

दार पैलवानाने उघडलं. त्याच्या बायकोने आतूनच विचारलं, की हिला खुर्ची द्यायची की जिन्यावरून ढकलायची.

"दोष माझ्या भट्टीचा होता," आत्या म्हणाली. "तुला उगाच मारलं. आता तू मार."

पैलवानाने आधी प्लॅस्टरकडे पाहिलं, मग खुर्ची पुढे सरकवली. "बसा बाई." मी मनातल्या मनात पैज जिंकलोसुद्धा. आत्या टेकली, आणि त्याच्या डाव्या हाताची अशी सणसणीत बसली की आत्या एकीकडे आणि खुर्ची दुसरीकडे.

खाली बसूनच तिने जिभेने दात चाचपले. ओठ फाटला होता.

"तक्रार?"

"उद्या मागे घेतो."

"आणि तो लोखंडी हातोडा?"

तोही बाजूला ठेवतो म्हणाला.

कपडे काजळीने पत्र्यासारखे ताठ झाले होते. धुताना माझ्या बोटांची सालं निघाली, आणि आत्या सुजलेल्या ओठाने कॉलर पुन्हा घासायला सांगत होती.