आवाज अडकलाय
केडगावचे ते काका लष्कराच्या बँडमधून निवृत्त झालेले. मुलगा पुण्याला. त्याने आणून दिलेल्या कॉम्प्युटरवर ते सुरावटी रचत. मी दुरुस्तीवाला, दर आठवड्याला त्यांचा फोन ठरलेला, "आवाज अडकलाय."

तेव्हाचे कॉम्प्युटर एका वेळी एकाच प्रोग्रॅमला आवाज देत. गाणी वाजवणारा प्रोग्रॅम मागे चालू राहिला की सुरावटीचा प्रोग्रॅम मुका होई. मी गाण्यांचा बंद करायचो.

"तुमी आल्याबिगर हे बोलतच न्हाई बगा," म्हणत काका चहा टाकायचे.

एकदा फोन आला म्हणून गेलो, तर जिन्यातच त्यांची सुरावट स्वच्छ ऐकू आली. बेल दाबताच ती थांबली. दार उघडायला जरा वेळ लागला.

"बगा, परत अडकलाय."

ओट्यावर दोन कप मांडलेले होते. मी खुर्ची ओढली आणि बिघाड शोधू लागलो, सावकाश.