शून्यावर न येणारा काटा

“‘होटगीचं रेल्वे फाटक पडलेलं होतं,’” बिराजदार साहेब माझा रिपोर्ट मोठ्यानं वाचत होते. “‘पण फाटकाजवळच्या गाड्यावरच्या गरमागरम भज्यांनी त्या पंचवीस मिनिटांचं सोनं केलं.’ मॅडम, हे काय हाय?”

“सर्व्हिस रिपोर्ट, साहेब.”

“ह्यात काटा कुटंय?”

“दुसऱ्या पानावर.”

साहेबांनी पान उलटलं. आजूबाजूच्या टेबलांवर सगळे एकदम कामाला लागल्यासारखे खाली बघायला लागले. एकाचे खांदे हलत होते.

“येवढंच सांगा की मला. काटा शून्यावर येतोय का न्हाय?”

“येतोय.”

“मग तेवढंच लिवायचं. आजपासनं तुमचा रिपोर्ट धा शब्दांत. अकरावा शब्द दिसला की मी सही करणार न्हाय.”

आमची कंपनी वे-ब्रिज बसवते आणि सांभाळते. वे-ब्रिज म्हणजे अख्खा ट्रक चढवून वजन करायचा काटा. गोदामापाशी किंवा साखर कारखान्याच्या दारात तुम्ही तो पाहिला असेल. ट्रकभर लांबीचा पोलादी पत्रा आणि शेजारी एक केबिन. पत्र्याखाली लोडसेल असतात, म्हणजे पोलादाचे ठोकळे. भार आला की ते केसभर दबतात आणि तेवढ्यावरून केबिनमधल्या डिस्प्लेवर वजन उमटतं. काटा रिकामा असला की डिस्प्लेवर शून्य दिसायला हवं. ते नाही दिसलं की आम्हाला फोन येतो.

मी इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा केलेली बाई. पुण्यात दहा वर्षं नोकरी केली, मग ती सोडून सात वर्षं ट्रॅव्हल ब्लॉग चालवला. फिरायचं, खायचं, लिहायचं. माझी मीच मालक. मग लोकांनी वाचणं सोडलं आणि रील बघायला लागले. मी कॅमेऱ्यासमोर उभी राहिले की आधार कार्डावरच्या फोटोसारखी दिसते. तेव्हा गाशा गुंडाळून सोलापूरला आईकडे परत आले आणि नोकरी शोधायला लागले.

नऊ ठिकाणी मुलाखती दिल्या. प्रत्येक ठिकाणी सात वर्षांच्या गॅपवर बोट. लग्न? नाही. बाळंतपण? नाही. आजारपण? नाही. मग काय करत होता? फिरत होते. हे ऐकून समोरचा माणूस माझ्या बायोडेटाकडे असा बघायचा, जणू मी जामिनावर सुटून आलेय. एकट्या बिराजदार साहेबांनी वेगळं विचारलं. “फिरायची सवय हाय न्हवं? मग झालं की. सर्व्हिसला फिरावंच लागतंय.”

त्यांनी मला घेतलं ते सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर. सहा महिन्यांनी ते कन्फर्मेशनवर सही करणार. नाही केली तर मी अडतिसाव्या वर्षी पुन्हा आईच्या ओट्यावर बायोडेटा घेऊन बसणार. याची मला भीती वाटत होती, चांगलीच वाटत होती. आईला मी ती सांगितली नव्हती आणि आईनं ती कधीच ओळखली होती.

नोकरीची सवय मात्र पार मोडली होती. पहिल्या दिवशी मी एचआरच्या मुलीला विचारलं, “चेक-आउट किती वाजता असतं?” दुपारी डबे उघडले की माझा हात आधी मोबाइलकडे जायचा. आमचे सीनियर टेक्निशियन इरफानभाई घास हातात धरून थांबायचे. “मॅडम, फोटू हुआ क्या? भाकरी ठंडी होरी.”

त्यात ते रिपोर्ट. फॉर्मला चार रकाने: तक्रार, निरीक्षण, कार्यवाही, शेरा. गिऱ्हाईक खाली सही करतं, म्हणून सगळं मराठीत लिहायचं. सात वर्षं मी जे पाहीन ते लिहिलं होतं, तीच खोड इथंही. निरीक्षणाच्या रकान्यात जागा पुरत नसे, म्हणून मी पुरवणी जोडायचे. होटगीच्या भज्यांनंतर ते बंद झालं. पंधरा दिवसांत मी इतकी सुधारले, की ‘लोडसेल बदलला, काटा ठीक’ एवढ्यावर माझं पोट भरायला लागलं.

मार्चमध्ये वळसंगकडच्या चनबसू अण्णांचा फोन आला. अण्णा तुरीचे व्यापारी. गोदामाच्या दारात आमचा काटा. तक्रार अशी की सकाळी काटा बरोबर असतो आणि दुपारनंतर पन्नास किलो कमी दाखवतो. रोज नाही, पण आठवड्यातून चार-पाच वेळा.

पन्नास किलो म्हणजे तुरीचं एक पोतं. रिकाम्या गाडीचं वजन आधीच नोंदलेलं असायचं, त्यामुळे ते सरळ मालातून जायचं. शेतकऱ्यानं दुसऱ्या काट्यावर गाडी तोलली की फरक कळणारच. गावात कुजबुज सुरू झाली होती, अण्णा काटा मारतोय. काटा मारणं म्हणजे वजनात फसवणं. व्यापाऱ्याला याहून वाईट शिवी नाही, आणि अण्णा तसे सरळ माणूस. फोनवर त्यांचा आवाज रडवेला झाला होता.

इरफानभाई दोनदा जाऊन आले. पहिल्यांदा त्यांनी लोडसेल बदलला. दुसऱ्यांदा जंक्शन बॉक्स, म्हणजे सगळ्या वायरी जिथं एकत्र येतात तो डबा, उघडून हेअर ड्रायरनं सुकवला. दोन्ही वेळा ते होते तोवर काटा शहाण्यासारखा वागला. ते परतले की दुसऱ्या दिवशी पुन्हा पन्नास किलो गायब.

तिसऱ्या वेळी साहेबांनी मला बोलावलं.

“अण्णा म्हणालेत, ह्या टायमाला न्हाय झालं तर काटा उपटून घिऊन जावा. इरफान आठवडाभर सुट्टीवर हाय. तुमी जावा. तुमची फाईल हितं माझ्या टेबलावर हाय, येवढं ध्यानात ठिवा.”

नियमाप्रमाणे मी आदल्या दिवशी फोन करून अण्णांना येण्याची वेळ कळवली. अकराला पोचले. तिथंच ठेवलेली टेस्टची वजनं, म्हणजे वीस-वीस किलोचे बिडाचे गट्टू, चारी कोपऱ्यांवर ठेवून बघितले. बरोबर. पत्र्याखाली उतरले. केबिनमधले ऑपरेटर मल्लिनाथ काका घाबरले. “मॅडम, तुमी खाली उतरणार? तितं विंचू असत्यात.” विंचू नव्हते. वायरी उंदरांनी खाल्लेल्या नव्हत्या, फटीत दगड अडकलेला नव्हता. काटा शून्यावर.

दुपारी अण्णांच्या आई गौरव्वा स्वतः बोलवायला आल्या. “बर्री, कूड्री,” म्हणजे या, बसा, म्हणत त्यांनी मला पाटावर बसवलं. त्या घरात कानडी आणि मराठी एकाच ताटात वाढतात. ज्वारीची कडक भाकरी, शेंगाचटणी, आमटी आणि वर तळलेल्या कुरडया. जेवून परत काट्यावर. चारपर्यंत थांबले. डिस्प्लेवर शून्य जे बसलं होतं ते हललंच नाही.

मी रिपोर्ट लिहिला: ‘काटा तपासला. शून्यावर आहे. दोष आढळला नाही.’ सात शब्द. खरं सांगायचं तर मला त्याचा अभिमान वाटला होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अण्णांचा फोन. पन्नास किलो कमी.

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर माझी फाईल होती. मी मनातल्या मनात आईला सांगायचं वाक्य जुळवत होते.

“तुमी तितं पाच तास होता,” साहेब म्हणाले. “काय काय बघितलं?”

“रिपोर्टमध्ये लिहिलंय, साहेब.”

“ते सात शब्द माझे पाठ झालेत. बाकीचं सांगा.”

“बाकीचं म्हणजे... जेवले.”

“काय जेवला?”

मला वाटलं, माझी टिंगल चाललीय. पण त्यांचा चेहरा गंभीर होता. “असं बगू नका. इरफान दोनदा गेला, त्यानं फकस्त काटा बघितला. तुमाला काटा सोडून सगळं बघायची सवय. आता बोला. धा शब्द मरू द्या.”

जुनी खोड पूर्ण गेली नव्हती. बसमध्ये परत येताना मी मोबाइलवर टिपण केलं होतं, कुणाला दाखवायचं म्हणून नव्हे. तेच वाचायला लागले. मळ्याच्या वाटेवरची चिंच. मल्लिनाथ काकांच्या केबिनमधला देवाचा फोटो आणि त्याला अडकवलेली बिलं. भाकरी. शेंगाचटणी. मग कुरडया. “‘इतकी पांढरी कुरडई मी कुठं खाल्ली नाही. गौरव्वांना विचारलं, वाळवता कशा? त्या म्हणाल्या, आमचा लोखंडी कट्टा लई भारी हाय बघ, दीड तासात खडखडीत वाळतंय.’”

साहेबांनी हात वर केला. “परत वाचा.”

मी परत वाचलं.

“अण्णाच्या घरला मी धा येळा गेलोय. अंगण मातीचं. गच्ची न्हाय. लोखंडी कट्टा कुटला?”

मला काय माहीत?

साहेब उठून उभेच राहिले. “मॅडम, तितं लोखंडाचा एकच कट्टा हाय. आपणच बसवलाय की त्यो!”

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं निघालो. फोन न करता. दीड वाजता गोदामाच्या फाटकातून आत शिरलो आणि साहेबांनी गाडी जागच्या जागी थांबवली.

आमचा काटा पांढराशुभ्र झाला होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत धोतरं आणि लुगडी अंथरलेली. त्यांवर कुरडया, ज्वारीचे पापड, शेवया. वाऱ्यानं उडू नये म्हणून कडेनं चांगले डोक्याएवढे दगड. गौरव्वा आणि शेजारपाजारच्या पाचसहा बायका पत्र्याच्या कडेला जमिनीवर बसून, हात लांबवून कुरडया उलटत होत्या. साडेबाराला हमाल जेवायला गेले की तीनपर्यंत ट्रक येत नाही. पत्रा मोकळा, तापलेला आणि रोज सकाळी पाण्यानं धुतलेला. वाळवणाला याहून चांगली जागा तालुक्यात नसेल.

साहेब तरातरा पुढे गेले आणि पत्र्यावर पाय ठेवणार, एवढ्यात गौरव्वा ओरडल्या, “ओ, चपला काडा की! खायाचं हाय त्ये!”

सोळा वर्षं वे-ब्रिज बसवणाऱ्या सर्व्हिस मॅनेजरनं बूट काढले, मोजे काढले आणि तापल्या पत्र्यावर एक पाय ठेवून लगेच मागं घेतला. मी दुसरीकडे बघितलं. नोकरी टिकवायची होती.

मग आम्ही केबिनमध्ये गेलो. मल्लिनाथ काका भाकरी खात होते. डिस्प्लेवर शून्य.

“काका, बाहेर एवढं वाळवण आहे, मग शून्य कसं?” मी विचारलं.

“आकडा आला हुता की पन्नास. मी झीरो दाबलं.”

काट्याला झीरोचं बटण असतं. पत्र्यावर चिखलबिखल राहिला आणि आकडा थोडा सरकला, तर ते दाबून पुन्हा शून्य करायचं. काकांनी वाळवणासकट शून्य केलं होतं. मग तीनच्या आत बायका सगळं उचलून नेणार, काटा पन्नास किलोनं शून्याच्या खाली जाणार आणि पुढचा प्रत्येक ट्रक पन्नास किलो हलका भरणार. वाळवण उचलल्यावर बटण पुन्हा एकदा दाबलं असतं तर काही झालं नसतं, पण तीनला ट्रकांची रांग लागायची आणि रिकाम्या काट्याचा आकडा बघायला काकांना वेळ नसायचा. ज्या दिवशी काकांनी सहज दाबलं, त्या दिवशी काटा बरोबर होता.

“आवो, पण बटण दाबायचं कुणी सांगितलं तुमाला?” साहेब कडाडले.

“तुमीच की,” काका घास गिळून म्हणाले. “ट्रेनिंगला. गाडी नसताना आकडा दिसला की झीरो दाबायचं म्हणला. गाडी न्हवती की, सायेब.”

साहेब बाहेर जाऊन मोजे चढवायला लागले.

तेवढ्यात अण्णा धावत आले. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला आणि आईकडे वळले, पण आई काही ऐकून घेणाऱ्यातल्या नव्हत्या.

“आजी,” मी विचारलं, “आमची माणसं तीनदा आली. एकदाही हे दिसलं नाही. कुणी बोललंही नाही.”

गौरव्वांना माझ्या अडाणीपणाचं खरंच नवल वाटलं. “तुमी येनार म्हनून फोन आला की आमी सकाळीच सगळं आवरून ठिवतो. पावन्याम्होरं पसारा बरा दिसतोय व्हय?”

उपाय अर्ध्या तासात झाला. काकांना सांगितलं, बटण दाबायच्या आधी उठून बाहेर बघायचं. दुपारी अण्णांनी शंकेखोर शेतकऱ्यांना बोलावून सगळी हकिकत सांगितली. ऐकता ऐकता शेतकरीच हसायला लागले. एकानं विचारलं, “अण्णा, म्हंजे आमची तूर तुमच्या कुरडईनं खाल्ली म्हणा की!” अण्णा दोन आठवड्यांत पहिल्यांदा हसले. ज्यांच्या गाड्या कमी भरल्या होत्या त्यांचं त्यांनी तिथल्या तिथं मिटवून टाकलं. साहेबांनी आमच्या यार्डातला एक जुना मोडका पत्रा गौरव्वांसाठी पाठवून दिला. इरफानभाई सुट्टीवरून आल्यावर तो बसवायला गेले आणि सवयीनं त्याची लेव्हलही बघून आले.

रिपोर्ट मात्र साहेबांनी स्वतः लिहायला घेतला. हेड ऑफिसच्या फॉर्मवर बिघाडाच्या कारणांची छापील यादी आहे: गंज, पाणी, उंदीर, वीज पडणे. त्यांनी ती दोनदा वरपासून खालपर्यंत वाचली. मग पेन माझ्याकडे दिलं. “तुमीच लिवा. पुरवणी जोडली तरी चालंल.”

एप्रिलमध्ये त्यांनी माझ्या कन्फर्मेशनवर सही केली. पत्र हातात आल्यावर मला रडू आलं. घरी आईसमोर पुन्हा एकदा आलं.

आता नवीन पोरं सर्व्हिसला लागली की त्यांना शिकवायचं काम माझ्याकडे असतं. मी त्यांना लोडसेल शिकवते, जंक्शन बॉक्स शिकवते, आणि शेवटी हे सांगते: गिऱ्हाईक आपल्यापासून काही लपवत नाही, आपण येणार म्हणून ते फक्त घर आवरतं. म्हणून खरा बिघाड बघायचा असेल तर न कळवता जावं, आणि शक्यतो जेवायच्या वेळेला.