येथे मानपत्रे लिहून मिळतील

छापखान्याच्या ओट्यावर रोज बसणाऱ्या माणसाला किस्से शोधत हिंडावं लागत नाही. लग्नपत्रिका छापायला येणारा एक सांगतो, तेरवीचं कार्ड छापायला येणारा दुसरा सांगतो, आणि जाताना दोघंही बजावतात, "हे कोणाले सांगू नको बरं!" पांढरकवड्याला बापूरावजींच्या छापखान्यात मी लिहिण्याची फुटकळ कामं करत होतो, तेव्हाचे हे किस्से. आता सांगायला हरकत नाही.

* * *

मी मॅट्रिक झालो ते धर्मांतराचं वर्ष. आमची अख्खी वस्ती बौद्ध झाली आणि मला वाटलं, चला, आता आपण लेखक व्हायला मोकळे! लेखक म्हणजे दुःखी माणूस, हे मी आधीच ठरवून टाकलं होतं.

पहिलं काम मिळालं ते नेरच्या एका कास्तकाराकडच्या लग्नाचं. वधूवरांची नावं गुंफून नवी मंगलाष्टकं रचून घ्यायची आणि गुलाबी कागदावर छापून मांडवात वाटायची, अशी तेव्हा पद्धत होती. मी आठ कडवी लिहिली आणि आठही कडव्यांत मुलगी माहेर सोडून जात होती. दुसऱ्या कडव्याला आई रडू लागली. पुढे भटजींचाच आवाज दाटून आला. शेवटी शेवटी तर बँडवाले डोळे पुसत होते.

नवरदेवाचा बाप तरातरा पुढे आला. "काहो व्याही, हे लग्न हाय का मयत? मयत असन तर तसं सांगा, आमी टोप्या काढून बसतो!"

* * *

छापखान्याचं स्वतःचं एक साप्ताहिकही होतं. बापूरावजी त्याचे मालक, संपादक आणि कधीकधी एकमेव वाचक. नागपूरच्या मासिकांनी परत पाठवलेल्या माझ्या कथा त्यात छापून येत.

कथेचा एकेक अक्षर-खिळा हातानं जुळवायचे ते कासमभाई. आमचे कंपोझिटर. माणूस शांत, पण माझी कथा हातात आली की उसासे टाकायचा. एकदा दुपारी ते रिकामा खण घेऊनच माझ्यापुढे आले.

"बाबू, उद्गारचिन्हं खतम. खणातले सगळे खिळे तुझ्या पहिल्या पानातच गेले."

"मग आता?"

"अजून तुझी नायिका मरायची हाय. तिले पूर्णविरामात मारू का?"

मी नाइलाजानं हो म्हटलं. नायिका पूर्णविरामात मेली. आणि आयुष्यात पहिल्यांदा लोक म्हणाले, शेवट बरा जमला बुवा.

* * *

माझा बा आमच्या खेड्यातून पांढरकवड्याला येऊन जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, हमाली करायचा. अगोदर गावकीची कामं करायचा, मेलेली ढोरं ओढायचा. धर्मांतरानंतर ते सगळं वस्तीनं सोडलं. जिनात मजुरी कमी आणि खोकला फार, पण बा मागे वळला नाही. मी कागद काळे करतो हे मात्र त्याला पटत नव्हतं.

"लेखक म्हंजे काय करते रे?"

"लिहितो."

"लिहिते तर तलाठीबी. अन् त्यानं लिहिलेलं कोणी वापस नाई पाठवत!"

ते बोलणं मला फार लागलं, कारण त्यात खोट नव्हती. बानं मला मुदत घालून दिली. कापसाचा हंगाम संपेपर्यंत काय लिहायचं ते लिही. त्यात तुझं काही झालं तर झालं, नाहीतर गुमान तलाठ्याच्या नोकरीसाठी नाव दे.

* * *

बापूरावजींना माझी दया आली. त्यांनी दारावर पाटी लावली : येथे मानपत्रे लिहून मिळतील.

मानपत्र म्हणजे बदली किंवा रिटायर होणाऱ्या साहेबाचं छापील कौतुक. ते सभेत मोठ्यानं वाचायचं आणि फ्रेम करून द्यायचं. आमची रीत सोपी होती. एकदा जुळवलेला मजकूर मोडायचा नाही, सुतळीनं बांधून ठेवायचा. पुढचा साहेब आला की नाव, हुद्दा आणि चार शब्द बदलायचे. त्यामुळे पांढरकवड्यातले सगळेच साहेब सारखेच कर्तव्यदक्ष निघाले.

एकदा जनावरांच्या डॉक्टरचं मानपत्र बांधून ठेवलं होतं. केळापूरकडचे एक हेडमास्तर रिटायर झाले आणि तोच मजकूर पुन्हा कामाला आला. नाव बदललं, 'दवाखाना' काढून 'शाळा' घातलं. सभेला त्यांचे जुने विद्यार्थी खच्चून भरलेले. सरपंचांनी खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली, आणि वाचता वाचता एक वाक्य आलं, "आपल्या हाताखालून गेलेली मुकी जनावरे आज या तालुक्यात गावोगाव धष्टपुष्ट होऊन हिंडत आहेत."

मंडपातले सगळे हेडमास्तरांकडे पाहू लागले! मी मागच्या मागे सटकायच्या बेतात होतो. तेवढ्यात हेडमास्तर उठले.

"माझ्या विद्यार्थ्यांविषयी इतकं खरं आजवर कोणी बोललं नव्हतं," ते म्हणाले. "फक्त 'मुकी' हा शब्द तेवढा काढा!"

मंडप असा हसला की कनाती हलल्या. ज्यांना जनावरं म्हटलं होतं, तेच सगळ्यांत जास्त हसत होते. मी तसाच उभा राहिलो. इतकी वर्षं लोकांना रडवायला रक्त आटवलं, तर लोक माझ्यावर वैतागले. आणि इथे एक वाक्य काढायचं राहून गेलं, तर लोक खूश! मला अगदी मनापासून आनंद झाला आणि थोडा रागही आला.

* * *

बापूरावजी म्हणाले, "आता दर आठवड्याले एक इनोदी लेख दे."

मी भारी भारी शब्दांचा लेख दिला. बापूरावजींनी चष्मा पुसून तो दोनदा वाचला. चेहरा जिल्हा कचेरीचा.

"हसाचं कुठं हाय ते कंसात लिही," ते म्हणाले. "वाचणाऱ्याची सोय होईन."

कासमभाई खिळे जुळवता जुळवता म्हणाले, "हेडमास्तरच्या टायमाले तू हसवाले गेलता का? जे हाय ते लिही ना बे, बह्याडा!"

* * *

मग मी जे आहे ते लिहू लागलो.

हैदराबाद रोडवर ट्रकवाल्यांचा एक लाडका मिस्त्री होता. ड्रायव्हर लोकांनी मिळून त्याचा सत्कार ठरवला आणि मानपत्राचं काम माझ्याकडे आलं. मी चौकशी केली, तर सगळ्यांनी एकच गोष्ट सांगितली. तीच लिहिली : "आपण दुरुस्त केलेला ट्रक फार दिवस आपल्यापासून दूर राहू शकत नाही."

ड्रायव्हर हसून हसून लोळले. मी मात्र घाबरून मिस्त्रीकडे पाहत होतो. त्यानं ते वाक्य पुन्हा वाचून घेतलं, डोळे पुसले आणि माझा हात धरला.

"याले म्हणते प्रेम!" तो म्हणाला.

फ्रेम त्यानं गॅरेजच्या दारावर लावली.

* * *

हंगाम संपत आला. वेचणी आटोपली, जिनाची घरघर थांबली, आणि तलाठ्याच्या नोकरीसाठी नाव द्यायचे दिवस आले. त्याच सुमारास आमच्या गावात बुद्धजयंती होती. पांढरकवड्याहून बॅटरीवरचा भोंगा आणला होता. वस्तीतली पोरं म्हणाली, तूही काही वाच. मी गावावरच लिहिलेलं वाचलं : वस्तीनं ढोरं ओढणं सोडल्यावर पाटलांचा बैल मेला, आणि तो कोणी उचलायचा यावर गावातल्या मोठ्या लोकांच्या कशा बैठका झाल्या, बैलाचा वास येईपर्यंत त्या कशा चालल्या, त्याची ती हकिगत.

पाटील पाहुणे म्हणून खुर्चीवर बसले होते. बा पुढेच, सतरंजीवर. लोक पोट धरून हसत होते. पाटलांनासुद्धा हसू आवरेना. बाचा चेहरा मात्र दगड. वाचताना माझी नजर सारखी त्याच्याकडे जायची आणि माझा आवाज उतरायचा. म्हटलं, संपलं. उद्या तलाठी.

कार्यक्रम झाल्यावर चहा आला. पाटलांनी बाला हाक मारली.

"पोरगा हुशार हाय गड्या तुझा. तहसीलीत मी शब्द टाकतो, तलाठी झालाच समज. पण मंग हे हसवणं-गिसवणं सोडा लागन त्याले."

बा उठून उभा राहिला. हात मात्र जोडले नाहीत.

"नाई पाटील. राहू द्या."

"अबे, काहून?" पाटील चकित झाले. "अन् हे खूळ आलं कुठून याच्यात? तुले तर मी जल्मात कधी हसताना पाह्यलं नाई!"

"हसाचं म्हनान, तर आमच्या घरी आज्या-पणज्यापासून समदेच हसत आले, पाटील," बा म्हणाला. "तुमच्यावरच. आमी दार लावून हसत होतो. यानं भोंगा लावला, इतकंच!"