आमचा गेम कुणी घेऊ नये म्हणून

आयटी कंपनीतली नोकरी गेली तेव्हा मी बेचाळीस वर्षांची होते. सॉफ्टवेअरमधली चित्रं काढणं हे माझं काम: बटणं, खुणा, मदतीच्या पानांवरच्या आकृत्या. कंपनीला ते दुसरीकडून स्वस्तात करून मिळायला लागलं आणि आमचा छोटा विभाग एका शुक्रवारी बंद झाला. त्याच मजल्यावर एक प्रोग्रामर होता, चंद्रपूरचा, माझ्याहून बारा वर्षांनी लहान. त्याची नोकरी शाबूत होती. तरी महिन्याभरानं त्यानं राजीनामा दिला आणि मला फोन केला.

"ताई, तुम्ही चित्रं काढा, मी कोड लिहितो. गेम करू आपण."

"कसला गेम?"

"ते अजून मलेच माहीत नाही," तो म्हणाला.

ते माझ्या वडिलांमुळे ठरलं. बाबा शहरातल्या बसवर कंडक्टर होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. कोथरूडच्या आमच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघं जेवणाच्या टेबलावर काम मांडून बसायचो आणि बाबा पेपर वाचता वाचता जुन्या प्रवाशांच्या तक्रारी करायचे. माझा भागीदार टायपिंग थांबवून ऐकत राहायचा. तिसऱ्या आठवड्यात त्यानं विचारलं, "काका, सुट्ट्या पैशांवरून रोज किती भांडणं व्हायची?"

"रोज? प्रत्येक थांब्याला," बाबा म्हणाले.

गेम तोच झाला. खेळणारा कंडक्टर. प्रवासी चढतात, कुणी पन्नासची नोट देतं, कुणी पाचशेची. पुढचा थांबा यायच्या आत तिकीट द्यायचं आणि उरलेले पैसे बरोबर परत करायचे. चुकलं की प्रवासी हुज्जत घालतात. कंडक्टरचा आवाज बाबांचा. आवाज घुमू नये म्हणून कपाटाला आतून गोधड्या लावून आम्ही त्यांना त्यात स्टुलावर बसवलं. मी लिहून दिलेली वाक्यं त्यांनी बाजूला ठेवली. "असं कुणी बोलत नाही," म्हणाले, आणि स्वतःची वाक्यं बोलले. "पुढे सरका, पुढे जागा आहे. दारात काय आरती चाललीय?" "पाचशेची नोट? तिकीट घेताय की बस?"

गेम फुकट ठेवला. मध्येमध्ये जाहिराती यायच्या, त्यातून दोघांचं जेमतेम भागायचं. पहिलं वर्ष फारसं कुणी बघितलं नाही. मग जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एका बाईंनी तो वजाबाकी शिकवायला वापरला आणि शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप गटात टाकला. तिथून तो तालुक्यातालुक्यात गेला. पालकांच्या फोनवर मुलं बाबांचा आवाज ऐकू लागली. बाई अधूनमधून मला फोन करून मुलांच्या सूचना सांगायच्या. बसमध्ये कोंबडी घेऊन चढणारी आजी त्यांच्या वर्गामुळेच आली.

गेम आम्ही एका परदेशी कंपनीच्या सॉफ्टवेअरवर बांधला होता. त्याला इंजिन म्हणतात. बस रस्त्यावर चालणं, नाणं घरंगळणं, बोटाचा स्पर्श ओळखणं, ही सगळी पायाची कामं ते करतं. आमच्यासारख्या लहान लोकांना ते फुकट होतं. कमाई फार वाढली तर वार्षिक फी, एवढीच अट होती आणि आमची कमाई त्याच्या जवळपासही नव्हती.

एका सकाळी भागीदार आला तो बूट न काढताच टेबलापाशी बसला. फोन माझ्यापुढे सरकवला. कंपनीनं नियम बदलला होता. यापुढे गेम जितक्या फोनवर उतरवला जाईल तितक्या वेळा, ठरावीक आकड्यानंतर, बनवणाऱ्यानं शुल्क भरायचं. आधी बनवलेल्या गेमनाही तो नियम लागू. आमचा आकडा ती मर्यादा ओलांडून केव्हाच पुढे गेला होता. फुकटच्या गेमचं काय, एकानंच दोनदा उतरवला तर काय, याची उत्तरं पानावर नव्हती. मी ते पान तीनदा वाचलं.

"म्हणजे लोकांनी घेतला तर आपलं नुकसान?" मी विचारलं.

"हो. आणि जास्त आवडला तर जास्त."

बाबा सोफ्यावरून ऐकत होते. म्हणाले, "आम्हाला नियम बदलला की आधी डेपोत बोर्डावर लागायचा. ज्याचा पास काढलेला आहे, त्याला तो संपेपर्यंत जुनाच नियम."

"यांचा बोर्ड नाही, काका," भागीदार म्हणाला.

दोन दिवसांनी बाईंचा फोन आला. मी मंडईत होते, एका हातात मेथीच्या जुड्या. त्या खुशीत होत्या. "मॅडम, सोमवारी आमच्या केंद्राची शिक्षण परिषद आहे. सगळ्या शाळांना तुमचा गेम घ्यायला सांगणार आहे. वरूनही परवानगी मिळालीय."

दोन वर्षं आम्ही अशाच फोनची वाट पाहत होतो. मी म्हणाले, "बाई, एवढ्यात नका सांगू."

"का हो? काही चुकलंय का त्यात?"

"नाही. पण जरा थांबा."

"आता पैसे लावणार आहात होय?" त्यांचा सूर बदलला. मी समजावून सांगायचा प्रयत्न केला. भाजीवाल्याच्या आरोळ्यांत परदेशी कंपनी, इंजिन, शुल्क, हे सगळं मलाच खोटं वाटायला लागलं. "बरं," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला. मी मेथीचे पैसे द्यायला विसरून चालू लागले. भाजीवाल्यानं हाक मारली, "ताई, मेथी आज फुकट नाहीये."

त्या संध्याकाळी आमचं भांडण झालं. भागीदाराला गेम फोनवरच्या अॅपच्या दुकानातून काढून टाकायचा होता. मी म्हणत होते, थांबू, जगभर आरडाओरडा चाललाय, कंपनी मागे येईल. "आणि नाही आली तर? माझ्या बापानं आयुष्यभर सरकारी नोकरी केली. मी कुठली तरी सही करून त्यांचं घर अडकवलं असं त्यांना कसं सांगू?" घर अडकलं नसतं बहुधा. पण खात्रीनं तसं सांगणारं कुणी आमच्या ओळखीचं नव्हतं. गेम दोघांच्या नावावर होता. त्यानं बटण दाबायच्या आधी मला विचारलं, आणि मी होकारार्थी मान डोलावली. दोन वर्षांचं काम दिसेनासं व्हायला चहा गार व्हायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही.

ज्यांच्या फोनवर तो होता त्यांच्याकडे राहिला, नव्यानं मात्र कुणाला मिळेना. बागेत फिरायला येणाऱ्या बाबांच्या एका मित्रानं नवा फोन घेतला, त्याला गेम सापडला नाही. बाबा घरी येऊन एवढंच म्हणाले, "त्याला सांगितलं, गाडी दुरुस्तीला गेलीय."

पुढे कंपनी खरंच मागे आली. दिलगिरीचं पत्र आलं, जुन्या गेमना जुना नियम, लहान लोकांना शुल्क नाही. मी लगेच भागीदाराला फोन केला. मला वाटलं होतं, तो सुटकेचा श्वास टाकेल.

"ताई, मी परत त्याच्यावर नाही जाणार," तो म्हणाला. "नियम बदलला त्याचं काही नाही. मागचा गेमही त्यात ओढला न, ते डोक्यातून जात नाही."

त्यानं कुणाच्याच मालकीचं नसलेलं, जगभरातल्या लोकांनी मिळून लिहिलेलं एक इंजिन निवडलं. माझी चित्रं आणि बाबांचा आवाज तसाच्या तसा नेता आला. कोड सगळा पुन्हा. मला तेव्हा हा हट्ट वाटला आणि मी तसं बोललेही. तो सकाळी एका खासगी कॉलेजात तासिकांवर शिकवायचा, दुपारी येऊन लिहायचा. मी पाठ्यपुस्तकांची चित्रं घेतली. नाणं तळहातावर पडून जरासं उसळायचं, तेवढं जमवायला त्याला दोन आठवडे लागले. "हे पहिल्यासारखं नाही उसळत," बाबा रोज सांगायचे. एके दिवशी काहीच बोलले नाहीत, तेव्हा तो पुढच्या कामाला लागला.

नऊ महिन्यांनी गेम पुन्हा दुकानात गेला, नव्या नोंदीनं. जुने तारे, जुने अभिप्राय, जुना आकडा, काहीच सोबत आलं नाही. मी बाईंना निरोप पाठवला. आठ दिवस उत्तर नव्हतं. मग त्यांचा फोन आला. त्यांची बदली झाली होती, नव्या शाळेत सतरा मुलं होती. "घेतलाय," म्हणाल्या. "पण परिषदेत आता दुसऱ्याच एका गेमची शिफारस झालीय. तो चांगला आहे, खोटं कशाला बोलू." मी म्हणाले, बरोबर आहे.

पूर्वीइतकी मुलं पुन्हा आली नाहीत. त्या उन्हाळ्यात भागीदारानं खराडीतल्या एका कंपनीत नोकरी धरली. सांगायला घरी आला तेव्हा बराच वेळ बाबांशीच बोलत बसला. शेवटी मीच म्हणाले, "घे नोकरी. मला राग नाही." त्याला ते खरं वाटलं नाही, आणि मला तरी पूर्ण खरं कुठे वाटत होतं. गेम अजून दोघांच्या नावावर आहे. काही बिघडलं तर शनिवारी येऊन दुरुस्त करतो. मागच्या शनिवारी आला तेव्हा बायकोलाही घेऊन आला होता. ती गेम खेळली, चौथ्या थांब्याला हरली आणि म्हणाली, "हे काका फार तिरकस बोलतात."

"कुणी शिकवलेलं नाही," बाबा आतून म्हणाले. "जन्मजात आहे."