दाजूंच्या आईचं घर

परवा शनिवारी इथे अमेरिकेत, अर्विंगच्या आमच्या इंडियन ग्रोसरीत गेलो होतो... भाजी घ्यायला, आणि मराठी मंडळाच्या वार्तापत्राचे उरलेले अंक काउंटरवर ठेवायला. संपादक मीच. प्रती निघतात दीडशे, वाचणारे किती ते विचारू नका.

काउंटरवर दाजू असतात. ते नेपाळचे, आणि दाजू म्हणजे त्यांच्याकडे मोठा भाऊ. बायकोला दिवस गेले होते तेव्हा मेथीची ताजी जुडी हा माणूस आठवणीनं बाजूला काढून ठेवायचा.

या अंकात मी नेपाळवर लिहिलं होतं. तिथलं राजेपद गेलं, तेव्हा ऑफिसातून आलो की मी चॅनेल बदलत बसायचो... सगळीकडे तोच चौक, तीच नाचणारी गर्दी. मग ऐटीत लिहून टाकलं, 'राजा कुणालाच नको होता. त्याच्यासाठी रडणारं एक घर त्या देशात सापडणार नाही.' वाक्यावर मी भलताच खूश होतो.

दाजूंनी ड्रॉवरमधून तो अंक काढला, मागच्या खेपेला मी ठेवलेल्यातला. लिपी तीच, निम्मे शब्दही ओळखीचे, त्यामुळे त्यांनी अक्षर अक्षर लावून सगळा वाचला होता. मराठी आपल्याशिवाय कोण वाचतंय, या भ्रमात मी.

त्याखाली आणखी एक अंक होता, चार वर्षांपूर्वीचा. तेव्हा टीव्हीवर कमानी आणि हारतुरे बघून मीच लिहिलं होतं की राजावर प्रजेचं अफाट प्रेम आहे. आपल्या देशावर ओळखीच्या माणसानं लिहिलंय म्हणून दाजूंनी तो जपून ठेवला होता... मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पहले वाले में मेरा भाई नहीं था," ते शांतपणे म्हणाले. "इस वाले में माँ नहीं है."

धाकटा भाऊ पहिल्यापासून राजाच्या विरोधात, मोर्चात डोकं फोडून घेतलेला. आई रोज देवांबरोबर राजाच्या फोटोलाही टिळा लावणारी. दोघं एकाच घरात राहतात.

भावानं फोनवर विचारलं होतं, तिकडे काय म्हणतात? दाजूंनी कौतुकानं माझा लेख नेपाळीत अर्थ सांगत वाचून दाखवला. त्या एका घराच्या वाक्यावर आल्यावर त्यांची जीभ अडखळली, पण तोवर उशीर झाला होता. भावानं फोन ठेवला आणि आईला जाऊन सांगितलं, बघ, अमेरिकेच्या पेपरात आलंय.

अमेरिकेचा पेपर... आमच्या मंडळाचा!

आईनं फोटो उतरवून ट्रंकेत ठेवला. भावजय सांगते, हल्ली ती रडायला गोठ्यात जाते. दाजूंशी बोलायला फोनवरही येत नाही.

मी दुरुस्ती छापतो म्हणालो. दाजू म्हणाले, छापा, आई फोनवर आली की वाचून दाखवीन. अंकांचा गठ्ठा मी उचलून परत गाडीत टाकला. मेथी त्यांनी त्याही दिवशी पिशवीत घातली, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

हे सगळं त्यांनी मला तोंडावर सांगितलं, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. पण एक गोष्ट काही केल्या डोक्यातून जात नाही... चार वर्षं मी दर शनिवारी या माणसासमोर उभा राहत होतो, आणि नेपाळबद्दल विचारायचं झालं तेव्हा घरी जाऊन टीव्ही लावला.